एकाच गळ्याचा कोरस: घरी बसून हार्मनीचे थर रेकॉर्ड करताना

चार जण एकत्र गातात तेव्हा प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात आणि त्या एकमेकींत विरून जातात. एकटा माणूस चार वेळा गाऊन ते थर एकमेकांवर रचतो तेव्हा तीच चूक चार वेळा होते. तुमचा ‘स’ जरा टोचरा असेल तर आठ ट्रॅकवर तो असह्य होतो. खोलीत एखादा सूर घुमत असेल तर तो प्रत्येक थरात घुमतो. ओळीच्या शेवटी सूर किंचित उतरायची सवय असेल तर अख्खा कोरसच एकदम उतरतो. म्हणून या कामाचा मोठा भाग रेकॉर्डचे बटण दाबण्याआधी होतो. काय गायचे, कुठे श्वास घ्यायचा, ‘रात’सारख्या शब्दाचा शेवटचा ‘त’ कोणत्या थराने म्हणायचा, हे सगळे आधी ठरवायचे. मिक्सिंगमध्ये थोडेफार सावरता येते, पण न ठरवलेली गोष्ट तिथे ठरत नाही.

१९५० च्या आसपास अमेरिकी गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड हे जोडपे टेपवर थर रचत असे. त्यांच्या पद्धतीत आधी झालेल्या ध्वनिमुद्रणावरच नवा थर चढायचा. मध्येच चुकले की आधीचेही गेले, पुन्हा पहिल्यापासून. आज हवे तितके ट्रॅक मिळतात, हवे तितके टेक, म्हणजे गायनाचे प्रयत्न, घेता येतात. ही चैनच आहे, पण तिच्यामुळे ‘आधी गाऊन घेऊ, मग बघू’ असे होते आणि चाळीस ट्रॅकच्या ढिगाऱ्यातून काही निवडता येत नाही.

साहित्य: थोडेच, पण योग्य

एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन, पॉप फिल्टर (माइकसमोरची हवेचे धक्के अडवणारी जाळी) आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचे कोणतेही सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी, गॅरेजबँड, रीपर यांपैकी काहीही चालेल. फुकटची सॉफ्टवेअरही या कामाला पुरेशी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. पहिली, ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्यात आवाज कानापर्यंत पोहोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंदही लागू शकतात आणि तेवढ्यात लय निसटते. दुसरी, कान उघडे राहणारा हेडफोन नको. त्यातून बाहेर झिरपणारा आवाज माइकमध्ये शिरतो आणि पुढच्या प्रत्येक थरात मागच्या थरांचे भूत ऐकू येते.

खोली शक्य तितकी मऊ करा. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांचा उपयोग होतो. विशेषतः तुमच्या पाठीमागची भिंत मऊ हवी, कारण माइकचे तोंड तिच्याकडे असते. पंखा बंद. एका ट्रॅकवर पंख्याची घरघर लक्षातही येत नाही, पण ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की असा गोंगाट साधारण ३ डेसिबलने वाढतो. आठ ट्रॅक म्हणजे एका ट्रॅकपेक्षा सुमारे ९ डेसिबल जास्त.

इंटरफेस नसेल तर दोन फोनवरही सुरुवात करता येते. एका फोनवर साथ वाजवून ती वायरच्या इअरफोनने ऐकायची आणि दुसऱ्यावर गायचे. सुरुवातीच्या मोजणीच्या ठोक्यांबरोबर टाळ्या वाजवा, म्हणजे नंतर सगळे ट्रॅक त्या टाळ्यांवर जुळवता येतील.

उशीर मोजून घ्या

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर नीट गाता येणार नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल तर तीच वापरा. मग आवाज कॉम्प्युटरमध्ये फिरून येत नाही. नसेल तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला त्याचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो. तो आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, शिवाय यंत्राचा स्वतःचा थोडा. कॉम्प्युटर अडखळू लागला, आवाजात टकटक आली, तर २५६ करा.

याहून महत्त्वाची आणि सहसा कोणी करत नाही अशी तपासणी वेगळी आहे. हेडफोनचा एक कान माइकला लावा, क्लिक (सॉफ्टवेअरचा लयीचा ठोका) वाजवून ती नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही ट्रॅक मोठे करून शेजारी पाहा. ठोके एकाखाली एक आले तर उत्तम. नवा ठोका मागे किंवा पुढे असेल तर सॉफ्टवेअरच्या लेटन्सी करेक्शनमध्ये, म्हणजे उशीर भरून काढण्याच्या सेटिंगमध्ये, तो फरक भरा. हे न केल्यास तुम्ही बिनचूक गायलात तरी प्रत्येक थर ठरावीक अंतराने मागे पडतो आणि दोष मात्र तुम्ही स्वतःच्या लयीला देत बसता.

ओळी बसवणे

आधी पट्टी. बहुतेक जण मूळ चाल आरामात गाता येईल अशी पट्टी धरतात. हार्मनी, म्हणजे चालीबरोबर वेगळ्या सुरांवर चालणारी ओळ, करायची असेल तर सगळ्यात वरच्या ओळीचा सर्वांत उंच सूर आणि खालच्या ओळीचा सर्वांत खालचा सूर, दोन्ही लागतात का ते पाहून पट्टी ठरवा.

सर्वांत सोपी हार्मनी म्हणजे चालीच्या प्रत्येक सुरावर एक सूर सोडून पुढचा सूर. शुद्ध स्वरांच्या सप्तकात सा वर ग, रे वर म, ग वर प, म वर ध, प वर नी, ध वर तार सा, नी वर तार रे. यातली अंतरे सारखी नसतात. कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या मोजल्या तर सा ते ग चार पट्ट्या आहेत, रे ते म तीनच. म्हणूनच ‘आवाज चार पट्ट्या वर सरकवा’ असे सांगून सॉफ्टवेअरकडून हार्मनी करून घेतली की रे वर तीव्र म येतो, नी वर कोमल ग येतो आणि गाणे भलत्याच ठिकाणी जाते.

सुरावर सूर ठेवत गेल्यावर बहुतेक जागी गोड लागते, काही जागी खटकते. खटकते तिथे खालचा कॉर्ड, म्हणजे साथीत एकदम वाजणारे सूर, पाहा. समजा साथीला ‘म ध सा’ वाजतोय आणि चाल सा वर थांबली आहे. नियमाने वरची ओळ ग वर जाईल, पण ग आणि म शेजारी येऊन एकमेकांना घासतील. तिथे वरच्या ओळीला म द्या किंवा खालून ध घ्या. तसेच ‘सा ग प’ वर चाल प ला असेल तर नी ऐवजी तार सा किंवा खालचा ग. चालत्या सुरांवर हे घर्षण चालते, मजाही आणते. थांबण्याच्या जागी, समेवर, शब्दाच्या शेवटी मात्र कॉर्डमधलाच सूर हवा. ‘हलताना नियम, थांबताना कॉर्ड’ एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्याहून जास्त काम होते.

रागावर बेतलेल्या चालीत आणखी एक अडचण येते. भूपात म आणि नी नाहीत. मग रे वर म कसा ठेवणार? ठेवला तर भूप मोडला. अशा चालीत दोन वाटा आहेत. एक, रागातलाच पुढचा सूर घ्यायचा, म्हणजे रे वर प. दुसरी मला जास्त आवडते: हार्मनी हलवायचीच नाही. एक आवाज सा वर, एक प वर स्थिर धरायचा आणि चाल त्यांच्यावरून फिरू द्यायची. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ही हार्मनी परकी वाटत नाही.

वरची ओळ झेपत नसेल तर तोच सूर एक सप्तक खाली गा. सा वरचा ग मंद्र सप्तकात नेला की तो चालीच्या खाली जातो. अंतर रुंद होते, पण नाते तेच राहते. नाइलाज म्हणून केलेली ही अदलाबदल कित्येकदा मूळ बेतापेक्षा चांगली ऐकू येते, कारण कोरस किंचाळत नाही.

ओळ ठरली की ती कीबोर्डवर वाजवून वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि मूळ चाल बंद करून एकटीच पाठ करा. तिचे स्वतंत्र गाणे झाले पाहिजे. हार्मनी गाताना आवाज नकळत मूळ चालीकडे ओढला जातो, याचे कारण बहुतेक वेळा ती ओळ धड पाठ नसणे हेच असते.

सूर: कीबोर्डचा की तंबोऱ्याचा?

कीबोर्डवरचा ग आणि तंबोऱ्यावर शांतपणे लावलेला ग एक नसतात. शुद्ध जुळलेला ग सा पासून सुमारे ३८६ सेंटवर असतो (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक एकट्या आवाजात कोणाला कळणार नाही. दोन-तीन आवाज एकमेकांवर लांब थांबले की मात्र त्यात हलकी लाट ऐकू येते. कोमल ग उलट्या बाजूला आहे: जुळलेला सुमारे ३१६, कीबोर्डचा ३००. पंचमात जेमतेम दोन सेंटचा फरक, त्याची चिंता नको.

व्यवहारात निर्णय सोपा आहे. तयार गाण्यात पियानो, गिटार, हार्मोनियम वाजत राहणार असेल तर त्यांच्याशी जुळवून गा, नाहीतर तुम्ही बरोबर असूनही बेसूर ठराल. फक्त आवाजच राहणार असतील, किंवा साथ अगदी विरळ असेल, तर गाताना हेडफोनमध्ये पूर्ण कॉर्ड ठेवू नका. फक्त सा-प चा आस, म्हणजे अखंड वाजणारा सूर, ठेवा. ग कुठे लावायचा ते गळ्याला शोधू द्या. लाट थांबली, सूर ‘बसला’, की ती जागा बरोबर.

आणि हरकती? मूळ आवाजात मुरकी, मींड, खटका काय हवे ते घ्या. मागच्या थरांत सरळ सूर. तीन ट्रॅकवर तीन वेळा घेतलेली मुरकी तंतोतंत जुळत नाही, आणि न जुळलेली मुरकी चिखल होते. अपवाद एकच: मोठी, सावकाश मींड. ती किती मात्रांत जायची हे ठरवून सगळ्या थरांनी मिळून घेतली तर सुंदर लागते.

शब्द: खरी मेहनत इथे आहे

शब्दांचा कागद घ्या आणि त्यावर खुणा करा. अनेकांना हे शाळकरी वाटते. तरीही करा.

शेवटी व्यंजन येणारे शब्द शोधा: रात, वाट, आकाश, पाऊस. पाच थरांनी ‘रात’ म्हटले की पाच ‘त’ पडतात, तेही पुढेमागे. ‘त’ फक्त मुख्य आवाजाने म्हणायचा. बाकीच्यांनी ‘रा’ वर थांबून स्वर हळूच सोडायचा. ऐकणाऱ्याला प्रत्येकाने ‘रात’ म्हटल्याचाच भास होतो. ‘स’ आणि ‘श’ चेही तसेच. शब्दाच्या सुरुवातीला ते टाळता येत नाहीत, पण मागच्या थरांत अगदी हलके, जवळजवळ गिळल्यासारखे म्हणा.

अनुस्वार फसवे असतात. ‘रंग’ लांबवायचा असेल तर ‘र’ मधला ‘अ’ किती लांबवायचा आणि नाकात कधी शिरायचे? एका थरात तुम्ही दुसऱ्याच मात्रेला नाकात गेलात आणि दुसऱ्या थरात शेवटपर्यंत तोंड उघडे ठेवले, तर सूर जुळूनही आवाज जुळत नाहीत. कागदावर लिहा: तीन मात्रा ‘अ’, चौथीच्या शेवटी बंद. ‘ऐ’ आणि ‘औ’ हेदेखील दोन स्वरांचे असतात. ‘मौन’ मधला ‘अ’ कधी ‘उ’ कडे वळतो ते ठरवा.

महाप्राण अक्षरे माइकला धक्का देतात. प आणि ब पेक्षा फ आणि भ जास्त. पॉप फिल्टर लावूनही ‘भरून’ म्हणताना फट्ट आवाज येत असेल तर माइकच्या समोरून किंचित बाजूला उभे राहा आणि तोंड त्याच्या कडेवरून जाईल असे ठेवा.

श्वासाच्या जागा ठरवा आणि मग एक गंमत करा. लांब ओळीत प्रत्येक थराचा श्वास मुद्दाम वेगळ्या जागी घ्या. खऱ्या समूहगायनात हेच करतात. ओळ कुठेही तुटत नाही, कोणाचाच श्वास ऐकू येत नाही. ओळीच्या सुरुवातीचा श्वास मात्र सगळ्यांचा एकदमच असू द्या.

आता रेकॉर्डिंग

क्रम असा: मार्गदर्शक ट्रॅक (ज्याच्या आधाराने गायचे ती साथ), मुख्य आवाज, हवी असेल तर मुख्य आवाजाची जोड, जवळची हार्मनी, लांबची हार्मनी. मुख्य आवाज आधी पक्का करा, अगदी तयार गाण्यात जाईल असा. कच्च्या आवाजावर हार्मनी चढवली आणि नंतर मुख्य आवाज बदलला तर शब्दांची लांबी बदलते आणि वरचे सगळे पुन्हा गावे लागते.

पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. २४ बिटमध्ये आवाज कमी नोंदला गेल्याने बिघडत नाही. लाल दिवा लागल्याने, म्हणजे आवाज फाटल्याने, बिघडते. गेन (माइकचा आवाज वाढवण्याची खुंटी) एकदा लावला की त्या ओळीच्या सगळ्या टेकना तोच.

माइकपासूनचे अंतर मात्र थरागणिक बदला. मुख्य आवाज एक वीत अंतरावरून, हार्मनी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांबून. जवळून गायले की आवाजात खर्जाचा भार येतो. मुख्य आवाजाला तो शोभतो, पण सहा थरांत साचला की सगळे गढूळ होते. लांबून गायलेले थर आपोआप मागे उभे राहतात. सगळ्या थरांवर तोच गळा, तोच माइक, तीच खोली असल्याने जिथे जमेल तिथे काहीतरी बदलणे गरजेचे आहे: एका थरात ‘आ’ जरा गोल, दुसऱ्यात जरा उघडा, एक थर हसऱ्या तोंडाने, एक थोडा श्वास मिसळून. शब्दांची वेळ मात्र सगळ्यांची एकच.

हेडफोनचा आवाज हलका ठेवा. मोठ्या आवाजात स्वतःचा सूर नीट जोखता येत नाही. एक कान उघडा ठेवून गाणे अनेकांना सोपे जाते. तसे करणार असाल तर हेडफोनची मोकळी बाजू सॉफ्टवेअरमधूनच बंद करा, नाहीतर ती माइकमध्ये क्लिक ओतत राहते. हार्मनी गाताना आधीचे सगळे थर कानात नकोत. मुख्य आवाज, सा-प आणि हलकी लय एवढे पुरे. मागच्या थरांत कणसूर लागलेला असेल तर नवा थर त्याच्याशी जुळवून घेतो आणि चूक पुढे सरकत जाते.

जोड म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा खरोखर गाणे. ट्रॅकची नक्कल करून ठेवली तर जोड होत नाही. तीच गोष्ट ६ डेसिबल मोठी ऐकू येते, बस. नक्कल काही मिलिसेकंद सरकवली तर आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. पुन्हा गाण्याचा कंटाळा मोठमोठ्यांनाही आला आहे. १९६६ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी बीटल्स या बँडसाठी टेपचा वेग किंचित हलवत जोड तयार करणारी युक्ती काढली ती त्यामुळेच. आजही त्याचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मिळतात. पण घरी एकट्याने काम करताना वेळ आपलाच असतो, गाऊन घ्या. खऱ्या दोन गायनांतले सूक्ष्म फरकच कोरसला जाडी देतात.

किती थर? मुख्य आवाज एक (त्याची जोड घेतली तर ती वेगळी), आणि हार्मनीच्या प्रत्येक ओळीचे दोन. हार्मनीच्या तीन ओळी असतील तर एकूण सात. यापुढे प्रत्येक वाढीव थराने आवाज मोठा होत नाही, फक्त धूसर होतो. धूसरच हवा असेल, ढगासारखा ‘ऊ’ हवा असेल, तर खुशाल सोळा थर गा. शब्द असलेल्या ओळीत नको.

एका वेळी एक ओळ पूर्ण करा आणि लगेच तिला नाव द्या: ‘ध्रुवपद वरची १’, ‘ध्रुवपद वरची २’. ‘ऑडिओ २३’ नावाच्या ट्रॅकमध्ये काय आहे ते आठवड्याने आठवत नाही. गळा थकला की थांबा. थकलेल्या गळ्याचा रंग वेगळा असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या थरांशी तो मिळत नाही. म्हणून एका ध्रुवपदाचे सगळे थर शक्यतो एकाच बैठकीत.

निवड आणि सफाई

मुख्य आवाज स्पर्श न करता ठेवा आणि बाकीचे थर त्याच्याशी जुळवा. शब्दाच्या सुरुवातीची व्यंजने पाहा. ती २०-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त पुढेमागे असतील तर तेवढा तुकडा कापून सरकवा आणि जोडाच्या जागी छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा उगवेल. ओळीच्या शेवटी सगळे थर एकदम संपतात का ते ऐका. सुरुवातीच्या चुका कानाला चटकन कळतात, शेवटच्या कळत नाहीत, पण ‘व्यावसायिक’ वाटणे न वाटणे बरेचसे त्या शेवटांवर असते. दोन ओळींमधली मोकळी जागा पूर्ण शांत करा.

सूर सुधारणारी साधने, मेलोडाइन किंवा ऑटो-ट्यून, हार्मनीवर वापरायला हरकत नाही. पण प्रत्येक थर शंभर टक्के ओढून सरळ केलात तर जोडीचे दोन ट्रॅक जवळजवळ नक्कल होतात आणि पुन्हा तोच पोकळ आवाज येतो. एक थर सुधारा, त्याची जोड तशीच ठेवा. लांब सूर सुधारा, चालते सूर सोडून द्या. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त दुरुस्ती लागणारा तुकडा पुन्हा गाणे लवकर होते.

मिक्स

मुख्य आवाज मध्यभागी. प्रत्येक ओळीचे दोन थर डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर: वरची ओळ जास्त रुंद, खालची ओळ मध्याच्या जवळ. सगळे हार्मनीचे थर एका ग्रुपमध्ये घ्या आणि प्रक्रिया ग्रुपवर करा. १२० ते १५० हर्ट्झच्या खालचे कापा. आवाज पुरुषी, खर्जाचा असेल तर ही सीमा जरा खाली घ्या. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात साचलेली गर्दी दोन-तीन डेसिबलने हलकी करा. डी-एसर (टोचरा ‘स’ मऊ करणारे साधन) मुख्य आवाजापेक्षा इथे कडक. थोडे कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणे), म्हणजे थर एकसंध हलतील. रिव्हर्ब (खोलीची गुंज) मुख्य आवाजापेक्षा हार्मनीला जास्त द्या. ते मागे सरकतात आणि शब्द पुढे राहतात.

पातळी ठरवताना ग्रुप पूर्ण खाली ओढा आणि मुख्य आवाज ऐकत हळूहळू वर आणा. हार्मनी आहे असे जाणवू लागले की थोडे मागे या. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले तर तेवढी पातळी बरोबर. एखाद्या ओळीवर हार्मनीच पुढे आणायची असेल तर तिथे मुख्य आवाज खाली घ्या. सगळेच मोठे करू नका.

शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळतात त्या ट्रॅकवर, मोनोचे (डावे-उजवे एक करणारे) बटण दाबून फोनच्या स्पीकरवर ऐका. डावी-उजवीकडे पसरलेल्या जोड्या मोनोत एकमेकींवर येतात. एखादी ओळ अचानक पातळ किंवा पोकळ झाली तर तिच्या दोन थरांत कुठेतरी नक्कल शिरली आहे किंवा एक थर नेमका काही मिलिसेकंद सरकलेला आहे. तो थर एकटा लावा, सापडलेला तुकडा टाकून द्या आणि तेवढीच ओळ पुन्हा गा.